संगणकाचा पडदा कोण सांभाळतो?



खेड्यातल्या कितीतरी शाळांत कोपऱ्यातल्या खोलीत एक जुना संगणक असतो. कोणा दात्याने दिलेला, नाहीतर शहरातल्या एखाद्या कचेरीने नवा घेतला म्हणून इकडे आलेला. गुरुजी बटण दाबतात, आतला पंखा घरघरतो आणि थोड्या वेळाने पडद्यावर चित्र उमटते. मुले पुढे सरकतात. हे चित्र पडद्यावर आणले कोणी, असा प्रश्न त्या वेळी कोणाच्याही मनात येत नाही. प्रश्न येतो तो चित्र उमटले नाही म्हणजे. यंत्र चालू, पंखा चालू, दिवाही लागलेला. पण पडदा काळाठिक्कर. मग गुरुजी तारा हलवून पाहतात, मॉनिटरला एक थापटी मारतात, आणि शेवटी तालुक्याच्या दुकानदाराला फोन लावतात. तो म्हणतो, “गुरुजी, ड्रायव्हरचा घोटाळा दिसतोय!”

आता ड्रायव्हर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एस.टी.चा खाकी कपड्यातला ड्रायव्हर येतो. हा ड्रायव्हर तसा नव्हे. पण अगदी वेगळाही नव्हे. गाडीच्या ड्रायव्हरला ठाऊक असते की, या गाडीचा ब्रेक किती दाबला म्हणजे ती थांबते आणि दुसरा गिअर कोठे अडतो. उतारूंना त्यातले काही कळावे लागत नाही. संगणकातला ड्रायव्हर हा असाच एक जाणकार आहे. तो माणूस नसून आज्ञावली आहे, म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या आज्ञांची वही आहे. पडद्याला चित्र पुरवणाऱ्या यंत्राच्या सगळ्या खोडी या वहीत लिहिलेल्या असतात. ही वही एकदा लिहून भागत नाही. ती वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. हा सांभाळ कोण करतो, कसा करतो आणि त्यात अवघड काय आहे, ते आज आपण पाहू.

प्रथम या वह्या कोठे असतात ते समजून घेऊ. संगणकाच्या साऱ्या कारभाराच्या मुळाशी एक मुख्य आज्ञावली असते. तिला कर्नेल म्हणतात. कर्नेल या इंग्रजी शब्दाचा अर्थ दाण्याच्या आतला गर. वरचे टरफल आपल्याला दिसते, म्हणजे पडद्यावरची बटणे, चित्रे, अक्षरे. सगळे सत्त्व आतल्या गरात. स्मरणशक्ती कोणाला किती द्यायची, कोणत्या कामाला आधी वेळ द्यायचा, कळफलकावर कोणते अक्षर दाबले गेले, पडद्यावर काय पाठवायचे, हे सारे कर्नेल पाहते.

जगात अशी अनेक कर्नेले आहेत. त्यांतल्या एकाचे नाव लिनक्स. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ते लिहायला घेतले आणि लोकांपुढे उघडे ठेवले. १९९२ साली त्याने ते अशा परवान्याखाली आणले की, कोणीही ते वाचावे, वापरावे, बदलावे, पुढे वाटावे. अट एवढीच की, पुढे वाटताना आपण केलेले बदलही तसेच उघडे ठेवावेत. गावची विहीर जशी साऱ्यांची, तसे हे कर्नेल साऱ्यांचे. आपल्याला वाटेल, फिनलंडमधल्या विहिरीचे आपल्याला काय? पण आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या खिशात लिनक्स कर्नेलच आहे. तेव्हा या विहिरीचे पाणी आपण रोज पितो.

आज या कर्नेलच्या वह्यांत साडेतीन कोटींहून अधिक ओळी आहेत. त्यांतला फार मोठा भाग ड्रायव्हरांचा, आणि ड्रायव्हरांतही सर्वांत जाडजूड वह्या चित्रयंत्रांच्या. ए.एम.डी. या कंपनीच्या चित्रयंत्रांचा एकच ड्रायव्हर काही दशलक्ष ओळींचा आहे. अर्थात त्यातल्या बहुतेक ओळी म्हणजे यंत्रातल्या असंख्य कप्प्यांची नुसती नावनिशी. तरी वही ती वहीच.

कोणी म्हणेल, “अहो, चित्र तर दाखवायचं! त्याला एवढं काय लागतं?” तर थोडे गणित करू. शिक्षकांनी हे फळ्यावर करून दाखवावे, मुलांना गंमत वाटेल. आजचा साधा पडदा घेतला तर त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा. २० लाख ७३ हजार ६०० ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला चार बाइट, म्हणजे चार अंकांएवढी जागा लागते असे धरा. एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट झाले. आणि पडदा हे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटतो. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट स्मरणातून उचलून पडद्याकडे पोचते करायचे. त्यात एक ठिपकाही पुढेमागे होता कामा नये.

हे काम चार-पाच टप्प्यांनी होते. धरणातून शेतात पाणी येते तसेच समजा. धरणाच्या जागी स्मरणातला एक तुकडा. त्यात चित्र तयार होऊन साठलेले असते. मग एक यंत्रभाग ते चित्र ओळीने वाचत जातो आणि ठरलेल्या गतीने पुढे सोडतो. हा जणू दरवाजावरचा पाटकरी. त्यापुढचा भाग त्या ठिपक्यांचे तारेतून जाऊ शकतील अशा विजेच्या खुणांत रूपांतर करतो. शेवटी येते ती खोबण, जिच्यात आपण मॉनिटरची तार खुपसतो. ड्रायव्हरचे काम म्हणजे हे सगळे दरवाजे योग्य क्रमाने आणि योग्य मापाने उघडणे. क्रम चुकला की पडदा काळा.

मध्येच चित्र बदलायचे असेल तर आणखी कसरत. पाटकरी अर्धे चित्र वाचून झाला आणि तेवढ्यात आपण नवे चित्र पुढे केले, तर पडद्याच्या वरच्या भागात जुने आणि खालच्या भागात नवे असे फाटलेले चित्र दिसेल. म्हणून एक चित्र संपून दुसरे सुरू होण्याच्या मधला जो विसावा असतो, तेवढ्यात बदल करावा लागतो. वर सांगितलेल्या पडद्यावर १०८० ओळी दिसतात; पण हिशेबात ११२५ ओळींचा वेळ धरलेला असतो. उरलेल्या ४५ ओळींचा वेळ हाच तो विसावा. तो सेकंदाचा सुमारे दीड हजारावा भाग भरतो. तेवढ्यात खांदेपालट व्हायला हवी.

आता पडदा केवढा आहे, त्याला कोणती गती मानवते, हे ड्रायव्हरला कळते कसे? तर मॉनिटर स्वतःच सांगतो. तार जोडली की तो आपली १२८ बाइटांची ओळखचिठ्ठी पाठवतो. कोणी बनवला, केव्हा बनवला, लांबी-रुंदी किती, कोणती मापे चालतात, सारे त्यात असते. चिठ्ठी वाटेत बिघडली तर नाही ना, हे तपासायलाही सोय आहे. सगळ्या १२८ अंकांची बेरीज केली की तिला २५६ ने निःशेष भाग गेला पाहिजे. नववीतला मुलगाही ही तपासणी करू शकेल.

पण गोम अशी की, चिठ्ठी धड पोचली म्हणून तीत लिहिलेले खरे असतेच असे नाही! काही मॉनिटर आपली लांबी-रुंदी मिलिमीटरऐवजी सेंटिमीटरमध्ये लिहून बसतात. काही आपल्याला न झेपणारी गती पसंतीची म्हणून सांगतात. कारखान्यातून निघून गेलेला मॉनिटर परत कोण दुरुस्त करणार? म्हणून लिनक्सच्या वहीत अशा चुकार मॉनिटरांची एक यादीच ठेवलेली आहे. अमक्या कंपनीचा अमुक मॉनिटर आला तर त्याच्या चिठ्ठीतल्या या कलमावर विश्वास ठेवू नका, त्याऐवजी असे धरा. या यादीतल्या प्रत्येक नोंदीमागे कोठे तरी एखादा माणूस काळ्या किंवा वेड्यावाकड्या पडद्यापुढे बसला होता, त्याने तक्रार लिहिली, आणि दुसऱ्या कोणी तरी तिचा शोध घेतला. ज्याच्याकडे तो मॉनिटर आहे त्याला या यादीची खबरही नसते. त्याचा पडदा मुकाट्याने उजळतो.

पूर्वी मात्र घर एवढे लावलेले नव्हते. लिनक्समध्ये चित्रयंत्रासाठी वेगळे खाते निघाले ते १९९९ च्या सुमारास. त्याला थोडक्यात डी.आर.एम. म्हणतात. त्या काळी पडद्याचे माप आणि गती ठरवण्याचे काम कर्नेलच्या बाहेरचीच एक आज्ञावली करी. म्हणजे एका शेताला दोन मालक! संगणक चालू होताना कर्नेलने एक माप लावावे, मग बाहेरच्या आज्ञावलीने ते मोडून दुसरे लावावे; पडदा मध्ये दोनचारदा चमकावा; आणि बाहेरची आज्ञावली कोलमडली की पडदा जो अडकायचा तो अडकायचाच. मार्च २००९ मध्ये लिनक्सची २.६.२९ ही आवृत्ती आली, तिच्यात इंटेल कंपनीच्या चित्रयंत्रांसाठी हे काम प्रथम कर्नेलने आपल्या हाती घेतले. पुढे एकेक करून इतर कंपन्यांच्या यंत्रांचेही ते झाले. आज आपला संगणक पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत न चमकता पडदा दाखवतो, त्याचे हे कारण.

येथपर्यंत झाले बांधकामाचे. आता सांभाळाकडे वळू.

आपल्याला वाटते, लोखंड गंजते, लाकूड किडते, पण लिहून ठेवलेल्या ओळींना काय होणार? त्या आहेत तशाच राहतील. ओळी राहतात, भोवतालचे जग राहत नाही. एकदा लावलेला दरवाजा मजबूत असला तरी घराची भिंत सरकली म्हणजे तो चौकटीत बसेनासा होतो. तसे तीन बाजूंनी होते. पहिली गोष्ट, दरवर्षी नवी चित्रयंत्रे निघतात. त्यांच्यासाठी नव्या ओळी लागतात. दुसरी, कर्नेलची इतर खाती आपापल्या सुधारणा करीत असतात. त्यांनी स्मरण वाटण्याची पद्धत बदलली की स्मरण मागणाऱ्या साऱ्या ड्रायव्हरांना मागण्याची पद्धत बदलावी लागते. आणि तिसरी, जुनी यंत्रे जगात चालूच असतात. इंटेलच्या ड्रायव्हरचे नावच मुळी २००४ सालच्या एका संचावरून पडलेले आहे, आणि त्या वेळची यंत्रे तो ड्रायव्हर अजून ओळखतो. नव्यासाठी केलेल्या बदलाने जुन्याचा पडदा काळा पडू नये, ही खरी चिंता.

याबाबत लिनक्सच्या मंडळींचे दोन रिवाज आहेत, ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला रिवाज बाहेरच्यांसाठी. कर्नेलच्या आधारावर चालणाऱ्या आज्ञावलीला एकदा जे वचन दिले ते मोडायचे नाही. काल चाललेली गोष्ट आज नव्या आवृत्तीत चालली नाही, तर चूक कर्नेलची. वापरणाऱ्याला “तुम्हीच बदला” असे म्हणायचे नाही. दुसरा रिवाज घरातल्यांसाठी, आणि तो नेमका उलटा. कर्नेलच्या आत एका खात्याने दुसऱ्याशी कसे बोलायचे, याची पद्धत केव्हाही बदलता येते. मात्र जो बदलील त्याने ती पद्धत वापरणारे सारे ड्रायव्हर स्वतः दुरुस्त करून द्यायचे. म्हणजे घरातल्या भिंती हव्या तशा हलवा. पण भिंत हलवणाऱ्याने साऱ्यांची दारे बसवून द्यावी, आणि पाहुण्याचा दरवाजा मात्र आहे तेथेच राहावा.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. ज्याचा ड्रायव्हर या घरात आहे, त्याची दारे घरातले लोक सांभाळतात. ज्याचा ड्रायव्हर घराबाहेर, कंपनीच्या कुलपात आहे, त्याला प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर स्वतः धावपळ करावी लागते. आणि कंपनीचा त्या जुन्या यंत्रातला रस संपला की तो ड्रायव्हर तेथेच थांबतो. यंत्र चांगले असते, पण त्याला चालवणारा उरत नाही.

चित्रखात्याची आणखी एक अट आहे. कर्नेलमध्ये एखादी नवी सोय हवी असेल, तर ती वापरणारी बाहेरची आज्ञावलीही उघडी असली पाहिजे, आणि जाणकारांनी ती तपासलेली असली पाहिजे. कारण उघड आहे. वचन कायमचे द्यायचे, तर ते कशासाठी देतो आहोत हे कळायला नको का?

आता कारभार कसा चालतो ते पाहा. प्रत्येक ड्रायव्हराला एक-दोन कारभारी असतात. कोणाला काही बदल सुचवायचा असेल तर तो सर्वांना दिसेल असा त्यांच्याकडे पाठवतो. त्यावर इतर लोक शंका काढतात, दोष दाखवतात. पुष्कळदा तीनतीन, चारचारदा परत लिहावे लागते. कारभाऱ्याला पटले की तो बदल खात्याच्या मुख्य कारभाऱ्याकडे जातो, आणि तेथून टोर्वाल्ड्स यांच्याकडे. तलाठ्याकडून मामलेदाराकडे आणि तेथून वर कागद जावा, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, कागदावर कोणी काय शेरा मारला ते साऱ्या जगाला वाचता येते.

कालगणनाही ठरलेली आहे. सामान्यतः दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातले पहिले दोन आठवडे नवे बदल घेण्याचे. पुढचे सात-आठ आठवडे फक्त दुरुस्त्यांचे. बियाणे पेरणीआधी घरात हवे. पेरणी झाल्यावर आणलेले बियाणे पुढच्या हंगामाला. कोणत्याही कंपनीचा कितीही मोठा माणूस आला तरी हा नियम सहसा मोडत नाहीत.

एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. समजा, नवी आवृत्ती घातली आणि कोणाचा पडदा काळा पडला. दहा हजारांतला गुन्हेगार कोणता? येथे एक जुनीच युक्ती कामी येते. विहिरीपासून शेतापर्यंत लांबलचक पाइप आहे आणि पाणी मध्येच कोठे तरी अडले आहे. आपण काय करतो? बरोबर मध्यावरचा जोड उघडून पाहतो. तेथे पाणी येत असेल तर खोट पुढच्या अर्ध्यात. येत नसेल तर अलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा मध्य. तसेच येथे अर्धे बदल घालून पाहायचे. पडदा उजळला तर दोष उरलेल्या अर्ध्यात. असे निम्मे निम्मे करीत गेले की दहा हजारांतला एक बदल जास्तीत जास्त चौदा खेपांत सापडतो. दोनाचा चौदावा घात १६३८४ होतो, एवढे सांगितले की मुलांना कारण उमजेल. २००५ साली टोर्वाल्ड्स यांनी बदलांची नोंद ठेवण्यासाठी गिट नावाचे साधन तयार केले, त्यात ही युक्ती करण्याची सोय आहे. ती करायला तज्ज्ञ असावे लागत नाही. ज्याचा पडदा काळा पडतो त्याने चिकाटी ठेवली तर तोच गुन्हेगार शोधून देऊ शकतो. आणि पुष्कळदा तोच देतो, कारण ते विशिष्ट यंत्र त्याच्याच टेबलावर असते.

श्रोतेहो, सांभाळणाऱ्याचे सर्वांत कठीण काम कोणते? माझ्या मते, ‘नाही’ म्हणणे. याची एक खरी हकिकत सांगतो.

२०१६ सालच्या फेब्रुवारीत ए.एम.डी. कंपनीने आपल्या नव्या चित्रयंत्रांसाठी लिहिलेला मोठा भाग लोकांपुढे तपासणीसाठी ठेवला. सुमारे ९३ हजार ओळी. काम चांगले होते. नव्या यंत्रांना त्याची गरज होती. पण कंपनीने हा भाग लिनक्सबरोबर इतर प्रणालींवरही चालावा म्हणून लिहिला होता. त्यासाठी यंत्र आणि कर्नेल यांच्यामध्ये तिने आपला स्वतःचा एक थर घातला होता, जणू घराच्या आत एक वेगळे घर, त्याची दारे वेगळी, भाषा वेगळी. हे नीट बसवून घ्या, अशी सूचना तेव्हाच मिळाली होती. डिसेंबरमध्ये कंपनीच्या लोकांनी विचारले, आता हे घ्यायला काय लागेल? तेव्हा चित्रखात्याचे मुख्य कारभारी डेव्ह एअरली यांनी जाहीरपणे सांगितले की, हा थर आहे तोवर हे मी घेणार नाही.

त्यांचे म्हणणे असे. हा थर आत आला की त्याची भाषा फक्त कंपनीच्या माणसांना कळणार. उद्या चित्रखात्याने सर्वांसाठी एखादी सुधारणा करायची म्हटली की या थरापाशी अडणार. तो बदलायला कंपनीच्या माणसांची वाट पाहावी लागणार. आणि त्या माणसांना तेव्हा कंपनीची दुसरीच घाई असणार. शिवाय एकाला अशी मुभा दिली की उद्या दुसऱ्याला नाही कसे म्हणायचे? मुख्य कारभारी कोणत्याही चित्रयंत्र-कंपनीच्या पगारावर नाही तो याचसाठी, की जेथे कंपन्यांचे कारभारी ‘नाही’ म्हणू शकत नाहीत, तेथे त्याला म्हणता यावे. असेही त्यांनी स्पष्ट केले.

कंपनीची बाजूही खोटी नव्हती. तिच्याकडचे लिनक्सचे पथक लहान. यंत्र बाजारात येण्याआधी याच ओळींनी त्याची चाचणी होते. सगळे दोनदा लिहायचे तर माणसे कोठून आणायची? नवे यंत्र बाजारात येईल आणि लिनक्सवर त्याचा पडदा लागणार नाही, मग नुकसान वापरणाऱ्याचेच. आणि झालेही तसेच. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीची व्हेगा नावाची नवी चित्रयंत्रे बाजारात आली, तेव्हा त्या वेळच्या नेहमीच्या कर्नेलवर त्यांना जोडलेला पडदा उजळत नव्हता. ज्यांनी पदरचे पैसे घालून ते यंत्र घेतले त्यांना कंपनीचे वेगळे कर्नेल घालून घ्यावे लागले, नाहीतर वाट पाहावी लागली. ‘नाही’ म्हणण्याची किंमत असते, आणि ती अनेकदा तिसऱ्याच माणसाला पडते. हे लपवून चालणार नाही.

पण पुढे काय झाले तेही ऐका. भांडण विकोपाला गेले नाही. कंपनीच्या माणसांनी वर्षभर खपून तो भाग पुष्कळसा उलगडला, खात्याच्या रीतीत बसवला. इतर कंपन्यांच्या आणि स्वतंत्र माणसांनी दोष दाखवले, हातभार लावला. यंत्राचे जे गणित सर्व प्रणालींत सारखेच, ते एकत्र ठेवायला खात्यानेही मान्यता दिली. अखेर २८ जानेवारी २०१८ रोजी निघालेल्या ४.१५ या आवृत्तीत तो सगळा भाग, लाखाहून अधिक ओळींचा, कर्नेलमध्ये आला. त्यानंतरच्या ए.एम.डी.च्या नव्या यंत्रांचा पडदा त्याच ओळी चालवतात. त्या ओळी आता साऱ्यांच्या वाचण्यातल्या आहेत, आणि घरातली भिंत हलली की इतरांनाही त्यांची दारे बसवता येतात.

दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या जागी बरोबर असताना असा तंटा कसा सुटावा? माझ्या समजुतीप्रमाणे येथे तो सुटला, कारण एअरली यांनी नुसते ‘नाही’ म्हटले नाही. का नाही आणि काय केले म्हणजे होय, हे चारचौघांत सांगितले. गावच्या संस्थेत काम करणाऱ्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. फुकट मिळालेली इमारत घेताना आनंद होतो. पण तिची कौले दरवर्षी कोण चाळणार, हे आधी विचारणाऱ्या सभासदाला लोक नावे ठेवतात. पावसाळा आला म्हणजे त्याची आठवण होते.

सांभाळाचे आणखी एक अंग आहे, ते म्हणजे निरोप देणे. २०२३ सालच्या एप्रिलमध्ये ६.३ या आवृत्तीतून सात जुने चित्र-ड्रायव्हर काढून टाकण्यात आले. ते १९९० च्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांतल्या यंत्रांचे होते, आणि २००९ च्या आधीच्या, बाहेरच्या मालकाच्या रीतीने चालणारे. नव्या रीतीत त्यांना आणायला कोणी पुढे आले नव्हते, आणि जुनी रीत त्यांच्यापुरती चालू ठेवायची तर प्रत्येक सुधारणेला तिची अडचण. ज्या वहीला वाचणारा कोणी नाही आणि जिच्यातली चूक पकडायला यंत्रही कोणाकडे उरले नाही, ती वही ठेवणे धोक्याचेही असते. येथे कारभाऱ्यांना दोन बाजू तोलाव्या लागतात. एकीकडे आपल्या शाळेतला तो जुना संगणक. दुसरीकडे साऱ्या घराची तब्येत. यंत्र जुने आहे एवढ्यावरून ड्रायव्हर काढत नाहीत. त्याची काळजी घेणारा आणि तो वापरणारा कोणी उरला आहे काय, हे पाहतात.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सांगावेसे वाटते. हे काम साहेबलोकांचे, आपल्या मुलांचे नव्हे, असे समजू नका. चित्रखात्याने करण्याजोग्या कामांची एक यादी सर्वांसाठी उघडी ठेवलेली आहे. आणि प्रत्येक कामापुढे हे नवख्याचे, हे मुरलेल्याचे, असे लिहिलेले आहे. महागडे चित्रयंत्र जवळ नसले तरी अडत नाही. २०१८ सालापासून कर्नेलमध्ये एक आभासी पडदा आहे. प्रत्यक्ष यंत्र नसताना त्यावर ड्रायव्हरची परीक्षा घेता येते. आणि तो उभा करण्यात उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. इंग्रजी वाचता येणारा, सी नावाची संगणकभाषा शिकलेला आणि चुकीबद्दल टोकले असता न रुसणारा मुलगा किंवा मुलगी एवढ्या भांडवलावर सुरुवात करू शकते. पहिला बदल एका ओळीचा असला तरी चालतो.

आणि ज्यांना यातले काही करायचे नाही, त्यांनीही एक करावे. नवी आवृत्ती घातल्यावर काही बिघडले तर चरफडत जुनीकडे न वळता, कोणते यंत्र, कोणती आवृत्ती, काय दिसले, एवढे नीट लिहून कळवावे. वर सांगितलेल्या चुकार मॉनिटरांची यादी अशाच चिठ्ठ्यांतून तयार झाली आहे. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. गावाने करायचे म्हणजे यातला थोडा वाटा आपणही उचलायचा.

उद्या शाळेत गुरुजी बटण दाबतील, पडदा उजळेल, आणि मुले पुढे सरकतील. तेव्हा त्यांना हे अवश्य सांगा की, या चित्रामागे जगाच्या पाठीवरच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या कितीतरी माणसांची राखण आहे.